साधं घालू की भारी?

एका गावात एक भोळा मोटरसायकलवाला होता. 'भोळा' हा त्याच्या आईचा शब्द. गावाचा शब्द वेगळा होता, तो पोराबाळांसमोर सांगण्यासारखा नाही. नाव हैबती. नाव ऐकून धडकी भरावी आणि माणूस बघून हसू यावं, असा सगळा प्रकार.

हैबतीला कुणी काही सांगितलं की तो ते ऐकायचा. हीच तर पंचाईत होती. आपण लोक निम्मं ऐकतो, निम्मं सोडून देतो, म्हणून आपला संसार चालतो. हा पठ्ठ्या शब्द न् शब्द पाळायचा. वर विसरू नये म्हणून खांद्यावरच्या टॉवेलला गाठ मारायचा. डोक्यात जागा होती, नव्हती असं नाही. पण तिथं ठेवलेलं पुन्हा सापडत नसे.

बायकोचं नाव गोदा. चार महिन्यांपूर्वी तिनं गच्चीवर पापड वाळत घातले आणि शेतात जाताना बजावलं, "पाऊस आला तर मला कळवा." आला पाऊस. हैबती भर पावसात दोन मैल पळत शेतात गेला.

"गोदे, पाऊस आला."

"आणि पापड?"

"ते भिजतायत."

गोदानं खुरपं खाली ठेवलं, घरी आली, पिशवी भरली आणि माहेरी गेली. पापडांचं आपलं निमित्त. आधीचे किस्से सांगत बसलो तर तुमचं जेवण राहील आणि माझंही.

तेव्हापासून हैबतीला घर खायला उठलं. गोदाची भाकरी आठवे, तिची बोलणी आठवत, आणि जेवताना घास घशाखाली उतरत नसे. माणूस बिनडोक असला तरी बिनकाळजाचा नव्हता, एवढं त्याच्या बाजूनं बोलून ठेवतो. पुढं बोलायला मिळणार नाही.

मग अधिक महिना आला. धोंड्याचा महिना. ह्या महिन्यात जावयाला विष्णू मानून जेवू घालायचं आणि तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं, अशी आपल्याकडे रीत आहे. सासऱ्याचा निरोप आला. "पाव्हण्यांनी गाडी घेऊन एकट्यानं यावं, जेवावं आणि गोदाला घेऊन जावं. पण ही शेवटची वेळ. आता काही इपरीत केलंत, तर लेक जन्मभर आमच्याकडं राहील."

हैबतीची आई येसाबाई ह्या निरोपानं निम्मी खूश झाली, निम्मी घाबरली. सकाळी तिनं लेकाला पैसे दिले आणि म्हणाली, "सासूला लुगडं घे. आणि हे बघ, सासुरवाडीला चाललायस, हलकं काही घेऊ नको. जे घेशील ते भारीतलं घे."

"भारीतलं," हैबती म्हणाला आणि टॉवेलला पहिली गाठ मारली.

फाट्यावर पेट्रोलपंप होता. तिथं रंजना नावाची बाई पेट्रोल भरायची. तिनं विचारलं, "साधं घालू की भारी?"

"भारीत जास्त काय असतं?"

"किंमत," रंजना म्हणाली. "मोठ्या इंजिनाच्या गाड्यांना लागतं ते. तुमची तर ही शंभरची."

पण हैबती गाठीकडं बघून म्हणाला, "भारीच घाल. टाकी फुल कर. सासुरवाडीला चाललोय." आणि गाडी फटफटत ठेवून तो तिला गोदाची सगळी हकीकत सांगायला लागला. रंजना ओरडली, "अहो, आधी गाडी बंद करा! भरताना सगळं बंद ठेवायचं. बोलायचं नाही, हलायचं नाही. भरून होईस्तोवर गप्प उभं राहायचं!"

"बरं झालं सांगितलंस," हैबती म्हणाला आणि दुसरी गाठ मारली.

आता भारी पेट्रोल पोटात गेलंय म्हटल्यावर गाडी वाऱ्यासारखी पळेल, असा ह्याचा हिशेब. गाडी पळाली रोजच्यासारखीच. ह्यानं ती पुढच्याच वळणावर दस्तगीर मिस्त्रीच्या दारात नेऊन उभी केली. मिस्त्रीला ऐकून हसू आवरेना. "अरे बाबा, पेट्रोल भारी घातलं म्हणून गाडी भारी होते काय? साध्याला साधंच घालावं. भारी घातलेलं तिच्या अंगाला लागत नाही, फुकट जातं. गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं असतंय की सगळं."

"साध्याला साधं," हैबतीनं तिसरी गाठ मारली. "मग हे आतलं काढा."

"काढ असं कुठं म्हटलं मी? घातलंस ते राहू दे. बिघडत नाही काही."

"पण अंगाला लागत नाही ना?"

दोनदा समजावलं, तिसऱ्यांदा मिस्त्रीनं नाद सोडला. टाकी रिकामी करून भारी पेट्रोल आपल्या कॅनमध्ये घेतलं. तो का नको म्हणेल? ह्यानं गाडी ढकलत पंपावर परत आणली आणि लुगड्याचे पैसे बाजूला ठेवून उरलेल्यातून कसंबसं लिटरभर साधं घातलं. रंजनानं पैसे दोनदा मोजून घेतले. रोज शंभर माणसं बघणारी बाई, पण असा नग तिनं पहिल्यांदाच पाहिला होता.

मग लुगड्याचं दुकान. दुकानदार म्हणाला, "सासूबाईंसाठी? मग काठपदराचं भारीतलं दाखवतो."

हैबतीच्या हाताला पहिली गाठ लागली, मग तिसरी लागली. तिसरी ताजी होती. त्यानं विचार केला. त्याच्या विचार करण्यानं आजवर कुणाचं भलं झालेलं नाही. "सासूबाई गावाकडच्या आहेत. साध्या आहेत. सगळ्यात साधं दाखवा."

मिळालं. इतकं साधं, की पलीकडचं माणूस दिसावं.

सासुरवाडीला मात्र थाट होता. दारात रांगोळी, पाटाभोवती महिरप. सासू चंद्राबाई अंगानं भरभक्कम आणि तोंडानं त्याहून भक्कम, पण आज जावई म्हणजे देव, म्हणून हसून पुढं आली. हैबतीनं लुगडं तिच्या हातात दिलं. ती उलगडून बघते तोच हा म्हणाला, "मामी, साध्याला साधंच घालावं. भारी तुमच्या अंगाला लागायचं नाही. फुकट जाईल."

दाराआडून गोदानं कपाळावर हात मारून घेतला. चंद्राबाईचा चेहरा लाल झाला, मग काळा झाला. सासरे तात्याबा मध्ये पडले. "अगं, चेष्टा करतायत पाव्हणं." चंद्राबाई दात आवळून म्हणाली, "हो का. बसा मग पानावर."

पान वाढलं होतं देखणं. पुरणाचे धोंडे, आमटी, कुरडई, भजी. चंद्राबाई महिनाभर साठवलेल्या लोण्याचं कढवलेलं तूप घेऊन आली. आता आपली रीत तुम्हाला माहीतच आहे. वाढणारीनं हात आखडायचा नाही, आणि जेवणाऱ्यानं "पुरे, पुरे" म्हणायचं. तिनं धार धरली. हैबतीच्या हाताला दुसरी गाठ लागली. भरताना बोलायचं नाही, हलायचं नाही. त्यानं डोळे मिटले, तोंड घट्ट मिटलं आणि भरून होण्याची वाट बघत बसला.

चंद्राबाई ओततेय, हा गप्प. धोंडे बुडाले. आमटीत तूप गेलं. चंद्राबाई हळूहळू ओतायला लागली, तरी हा गप्प. देवासारख्या जावयापुढं आपण होऊन हात थांबवला, तर उद्या गाव म्हणणार, चंद्राबाईनं तुपात कंजुषी केली! तिनं ओतलं. ताट भरलं, पाट भिजला, रांगोळी वाहून गेली. तात्याबा "अहो पाव्हणं!" म्हणत उठायला गेले आणि तुपावरून घसरून थेट पंगतीला बसलेल्या गोदाच्या चुलत्याच्या पानात बसले. भांडं रिकामं झालं तेव्हा हैबतीनं डोळे उघडले आणि विचारलं, "झाली का टाकी फुल?"

"धोंड्याचं जेवण धोंड्यालाच घातलं मी," चंद्राबाई म्हणाली, आणि ते सगळ्या आळीला ऐकू गेलं.

"असं कुणी सांगितलं होतं हो तुम्हाला गप्प बसायला?" तात्याबांनी कमरेवर हात ठेवून विचारलं.

"पंपावरच्या बाईनं."

"अहो, पंप वेगळा, पंगत वेगळी! धार सुरू झाली की लगेच 'पुरे' म्हणावं. समोरचा आग्रह करतो. मग थोडं आणखी घ्यावं. शोभा असते ती."

"लक्षात ठेवतो, मामा." चौथी गाठ.

चंद्राबाई लेकीला पाठवायला आता मुळीच तयार नव्हती. पण गोदा बाहेर आली. तिनं नवऱ्याच्या टॉवेलाच्या गाठी पाहिल्या. चार महिन्यांत हाडं वर आलेली पाहिली. येडं आहे, पण माझ्यासाठी येडं आहे, असं तिला वाटलं. "जाते मी आई," ती म्हणाली. "एकट्याला सोडलं तर हे स्वतःच्या घरीसुद्धा पोचायचे नाहीत."

चंद्राबाईनं अनारशांचा डबा गोदाच्या हातात दिला आणि जावयाकडं वळून बोट रोखलं. "हे वाण आहे. घरी पोचेपर्यंत खाली ठेवायचं नाही. आणि माझी लेक सुखरूप पोचली पाहिजे. नाहीतर मी आहे आणि तुम्ही आहात." हैबतीनं डब्याची तेवढी गाठ मारली. पाचवी.

गावाच्या वेशीवर एक पंप होता. तात्याबांनी जावयाच्या खिशात पेट्रोलला पैसे घातले होते. जावई कसा आहे ते त्यांना आता कळलं होतं, पण किती आहे ते कळायचं होतं. गोदा डबा घेऊन सावलीला उभी राहिली. पंपवाल्यानं नळी टाकीत घातली, धार सुरू झाली. "पुरे!" हैबती म्हणाला.

पंपवाला थांबला.

हैबती हसून उभा राहिला. आता हा "घ्या हो, आमच्या गावचे जावई तुम्ही" म्हणणार, मग आपण थोडं घेणार. पंपवाला त्याच्याकडं बघत राहिला.

"पुरे म्हणालो मी," हैबतीनं आठवण करून दिली.

"ऐकलं. पुढं व्हा."

माणुसकी राहिली नाही, असं मनाशी म्हणत हैबती निघाला. गोदा मागं बसली, मांडीवर डबा. मैलभर गेले नाहीत तोच खिंडीचा चढ लागला आणि गाडी खोकायला लागली.

"टाकीत आहे ना?" गोदानं विचारलं.

"आहे की. पुरे म्हणालो मी."

गोदानं डोळे मिटले. निम्म्या चढावर, एका मैलाच्या दगडापाशी गाडी बंद पडली. वरून एक ट्रॅक्टरवाला येत होता. त्यानं टाकीचं झाकण काढून कान लावला, गाडी हलवून बघितली. "थेंबभर उरलंय. ओझं उतरवा, गाडी हलकी करा. माथ्यापर्यंत जाईल. पुढं सगळा उतार, फाट्याच्या पंपापर्यंत आपसूक पोचेल."

ओझं उतरवा. हैबतीनं मागं वळून पाहिलं. ओझी दोन होती. एक गोदा, एक डबा. त्यानं पाचव्या गाठीला हात लावला. डबा खाली ठेवायचा नव्हता. गोदाविषयी तसं कुणी म्हटलं नव्हतं.

त्यानं डबा आपल्या पुढ्यात घेतला आणि गोदाला उतरवलं.

"बरं, जा लवकर," गोदा म्हणाली. इथं ती चुकली. नांदून सहा वर्षं झाली तरी चुकली. 'जा' म्हणाली, 'या' म्हणाली नाही. आपण शहाणी माणसं अर्धं बोलतो आणि अर्धं समोरच्यानं समजून घ्यावं असं धरून चालतो.

हैबती माथा चढला, उतार उतरला, फाट्यावर आला. रंजना म्हणाली, "साधं संपलंय. टँकर उद्या. भारी आहे."

"छे छे! साध्याला साधंच. मिस्त्रीनं सांगितलंय. मी असाच जातो ढकलत."

रंजनाचा संयम सुटला. "अहो काका, साधं नसलं तर भारी चालतं! साध्या गाडीत भारी घातलं तर बिघडत काही नाही. भारी गाडीला साधं घातलं तर कुरकुरते. पण रिकामं जायचं नाही, कळलं? घ्या आणि पुढं व्हा, मागं लाईन लागलीय."

हैबतीला हे फार पटलं. सगळ्यात मोठी गाठ त्यानं हिची मारली. सहावी. टॉवेल आता मळणीच्या दोरासारखा दिसत होता. भारी पेट्रोल घेतलं आणि पुढं झाला. पुढं म्हणजे जिकडं तोंड होतं तिकडं, घरी.

येसाबाई दारात पाणी आणि भाकरतुकडा घेऊन उभी होती. चार महिन्यांनी सून येणार, ओवाळून टाकायला नको? हैबतीनं डबा तिच्या हातात दिला. "आये, बघ. एकदाही खाली ठेवला नाही."

येसाबाईनं डबा बघितला, गाडी बघितली, रस्ता बघितला. "गोदा कुठाय?"

"खिंडीत."

"खिंडीत काय करतीय?"

"उतरवली. ओझं झालं होतं."

येसाबाईनं डबा खाली ठेवला. मग हातातली भाकरी तिनं लेकाच्या पाठीत घातली. "अरे करंट्या! अनारसे आणलेस आणि लक्ष्मी घाटात ठेवलीस? मी म्हातारी कुणाच्या जिवावर जगू? जा आधी. तोंड फिरव त्या गाडीचं. ती चिडलेली असंल, शिव्या देईल, ओरडंल. काय वाट्टेल ते बोलू दे, ऐकायचं नाही, थांबायचं नाही. दारात आणूनच गाडी उभी कर. आज गाडीवर माणूस बसवून आणलं नाहीस, तर मला तोंड दाखवू नको!"

हैबतीचे डोळे भरून आले. गोदा हवी होती हो त्याला. चार महिने दुसरं काही मागितलं नव्हतं. शेवटची गाठ मारून तो सुसाट निघाला.

इकडं गोदानं दगडावर बसून तासभर वाट बघितली. मग तिला नवऱ्याचा स्वभाव आठवला, आणि ती उठून चालत माहेरी गेली. जवळच होतं. चंद्राबाईनं लेकीला रिकाम्या हातानं एकटी येताना पाहिलं. तिनं एक शब्द विचारला नाही. पदर खोचला आणि खिंडीत येऊन त्याच दगडापाशी उभी राहिली. येईल तर खरा मेला, मग बघते, अशा हिशेबानं.

हैबती आला. दगड होता, गोदा नव्हती. चंद्राबाई होती.

"आलात?" चंद्राबाई म्हणाली. हा एकच शब्द, पण झाडावरचे कावळे उडाले.

"गोदा कुठाय, मामी?"

"ती संपली तुमच्यापुरती! आता नाही मिळायची!"

हैबतीचा चेहरा पडला. संपली म्हणते. आई म्हणाली होती, माणूस आणल्याशिवाय तोंड दाखवू नको. रडवेला होऊन त्यानं टॉवेल चाचपला. एकेक गाठ हाताखालून गेली आणि बोटं सहाव्या गाठीवर, सगळ्यात मोठ्या गाठीवर थांबली. त्यानं चंद्राबाईला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. चेहरा हळूहळू उजळला.

"बसा, मामी. घरी नेतो."

चंद्राबाईचे पाय दुखत होते. घरी म्हणजे आपल्या घरी, आणि उरलेलं बोलणं तिथं नवऱ्यासमोर, लेकीसमोर सावकाश करता येईल, असा तिनं विचार केला. बसली. गाडीचं मागचं चाक निम्म्यानं दबलं. हैबतीनं किल्ली फिरवली आणि गाडी माथ्याकडं घेतली.

"अहो, इकडं कुठं? अहो जावयबापू! उतरवा मला! मुडदा बसवला तुमचा, थांबवा गाडी!"

शिव्या देईल, आई म्हणाली होती. ओरडेल, आई म्हणाली होती. आईला कसं सगळं आधी कळतं, ह्याचं हैबतीला कौतुक वाटलं. त्यानं गाडी आणखी जोरात सोडली. फाट्यावर रंजनानं मान वळवून बघितलं. त्यानं तिला हात केला.

येसाबाईनं नवीन भाकरीचा तुकडा आणि नवीन पाणी घेतलं होतं. गाडीचा आवाज आला तशी ती डोळे पुसत पुढं झाली. मागं बसलेल्या बाईवरून तुकडा ओवाळला, पाणी ओवाळलं, बाजूला टाकलं आणि म्हणाली, "आलीस गं माझी लक्ष्मी! ये." मग तिनं मान वर करून बघितलं.

अंबाडा सुटलेली, कुंकू कानापर्यंत गेलेली, ओरडून घसा बसलेली विहीण गाडीवर बसली होती.

"अरे, हे काय आणलंस?" येसाबाईनं विचारलं.

हैबती खाली उतरला. त्यानं गाडी स्टँडवर लावली, घाम पुसला आणि सांगितलेलं सगळं आपण जन्मात पहिल्यांदा बरोबर केलं, अशा समाधानानं हसला.

"आये, साधी संपली होती. मग भारी आणली. बिघडत काही नाही, पंपावर विचारून घेतलंय."